डॅनिश 'ब्लीवे' आणि आपलं 'लिंपणे': सख्खं नातं की ओढूनताणून आणलेली सोयरीक?

शब्दखोदू (धागाकर्ता)

डॅनिशमध्ये 'ब्लीवे' नावाचं एक क्रियापद आहे. दर दोन वाक्यांमागे एकदा तरी भेटतंच. मुख्य अर्थ 'होणे'. ब्लीवे स्यूग म्हणजे आजारी पडणे, ब्लीवे लेगे म्हणजे डॉक्टर होणे. कर्मणी प्रयोगही त्याच्याच जिवावर चालतो: हुसेट ब्लेव बुग्गेट, घर बांधलं गेलं. आणि एवढ्यावर न थांबता तेच क्रियापद 'राहणे' म्हणूनही वापरतात. ब्लीवे येम्मे म्हणजे घरीच राहणे.

(इथे सगळे शब्द अक्षरांबरहुकूम लिहितोय. प्रत्यक्षात डेन मंडळी मधला 'व' गिळतात आणि 'ब्ली' एवढंच ऐकू येतं.)

कोश म्हणतात हा शब्द मुळात डॅनिश नाहीच, मध्ययुगीन लो जर्मन (उत्तर जर्मनीतली भाषा) 'ब्लीवेन'वरून उसना घेतलेला आहे आणि तिथे त्याचा अर्थ नुसता 'राहणे'. त्याच्याही मागे गेलं की भारत-युरोपीय धातू 'लेइप्', म्हणजे चिकटणे, माखणे. संस्कृत लिप्, लिम्पति. म्हणजेच आपलं लिंपणे, लेप, लिप्त, अलिप्त.

दोन शंका आहेत:
१. 'राहणे'चं 'होणे' कसं होतं? दोन्ही अर्थ एकमेकांच्या उलट आहेत. राहतो तो बदलत नाही, होतो तो बदलतो.
२. लिंपण्यात 'ब' कुठाय?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चकटफू

चूल सारवता सारवता कोपनहेगनला पोचलो की राव. खुर्ची पकडली आहे, येऊ द्या.

नाकतोडा

दुसरी शंका सोपी आहे, ती आधी उरकू.

'ब्लीवे'तला 'ब' धातूचा नाहीच, तो उपसर्ग आहे. जुनं रूप बि-लीबन. 'बि'मधला स्वर आघात नसल्यामुळे झिजला आणि ब आणि ल एकमेकांना जाऊन भिडले. जर्मन 'ब्लाइबेन' आणि डच 'ब्लेइवेन' यांचंही तेच. जर्मनमध्ये असे दबलेले उपसर्ग आणखी सापडतात: 'ग्लाइश' (सारखा) हा गे-लीश आहे. डॅनिशमध्ये त्याच अर्थाला 'लीगे', तिथे 'ग' नाही.

हाच या शब्दाच्या उसनेपणाचा पुरावा. स्कँडिनेव्हियन भाषांनी असे आघातहीन जर्मानिक (इंग्रजी, जर्मन, डच, डॅनिश वगैरेंच्या कुळातले) उपसर्ग फार पूर्वीच गमावले. त्यामुळे डॅनिशमध्ये 'बे'ने सुरू होणारं क्रियापद दिसलं की ते दक्षिणेकडून आलेलं आहे असं धरून चालावं: बेताले (पैसे देणे), बेग्यूंडे (सुरू करणे), बेस्योगे (भेटायला जाणे). आइसलँडिकमध्ये 'सुरू करणे'ला बिर्या आणि 'भेटायला जाणे'ला हेइमसाइक्या. 'बे'चा मागमूस नाही.

कोणताही डॅनिश शब्द तपासायचा तर ढोबळ क्रम असा:

आधी आजचं रूप सोडून जुन्यात जुनं लिखित रूप गाठायचं. 1700 नंतरच्या शब्दांसाठी 28 खंडांचा मोठा 'ओर्डबोग ओवर डेट डान्स्के स्प्रोग' आहे, 1300 ते 1700 साठी काल्करचा कोश. मग आइसलँडिकमध्ये (ही स्कँडिनेव्हियन बहीण उसने शब्द फार कमी घेते) त्याच अर्थाला काय म्हणतात ते पाहायचं. तिथे वेगळाच शब्द असेल तर संशय घ्यायचा. मग उपसर्ग सुटा करायचा. ध्वनिनियम लावायचे ते त्यानंतर, आणि अर्थ अगदी शेवटी. लोक अर्थापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

'ब्लीवे'च्या बाबतीत आइसलँडिक 'होणे'ला आजही 'वेर्दा' म्हणते. संशय पक्का.

अण्णा सदाशिवपेठी

मला हे पटत नाही. 'ब' कापला, 'म' मध्ये घुसवला, 'प'चा 'व' केला. एवढी मुभा दिली तर 'ब्लीवे'चा संबंध मी 'बेलफळा'शीही लावून दाखवीन.

आणि नातंच जोडायचं तर ग्रीक 'लेइपो' (मी सोडतो) का नको? इंग्रजी 'लीव्ह'शी ध्वनी जुळतो, अर्थही जुळतो. चिकटण्यापेक्षा तेच सरळ नाही का?

नाकतोडा

@अण्णा, बरोब्बर त्याच खड्ड्यात पाय टाकलात जिथे सगळे टाकतात. :)

ग्रीक 'लेइपो'मधला 'प' मुळात 'प' नाही. तो 'क्व' आहे. ओ-अ या स्वरांपुढे ग्रीकमध्ये क्वचा प होतो. धातू लेइक्व्. लॅटिनमध्ये तो 'लिंक्वो' असा क्व सांभाळून आहे. संस्कृतात लचा र आणि क्वचा च/क: रिच्, रिणक्ति, रिक्त. म्हणजे ग्रीक 'लेइपो'ची मराठी बहीण रिकामा-रिक्त या घरातली, लिंपण्याच्या नव्हे. ग्रहणाला इंग्रजीत 'एक्लिप्स' म्हणतात तोही याच घरातला.

जर्मानिकमध्ये या 'क्व'चा 'ह्व' होतो, 'फ' किंवा 'ब' होत नाही. म्हणून लेइक्व् पासून जर्मन 'लाइएन' (उसने देणे-घेणे) आणि डॅनिश 'लोन' (कर्ज) आले. त्याचा वैदिक जुळा भाऊ 'रेक्णस्', मागे सोडलेलं धन.

इंग्रजी 'लीव्ह' मात्र लेइप् वालाच आहे. तेव्हा 'लीव्ह' आणि 'लेइपो' दिसायला सारखे, अर्थाने सारखे, आणि तरी एकमेकांचे कोणी नाहीत.

आता 'म'बद्दल. 'म' आम्ही घुसवला नाही, पाणिनीच्या व्याकरणातच आहे. लिप् धातूला वर्तमानात मध्ये अनुनासिक येतं: लिम्पति. तसंच मुच् पासून मुञ्चति आणि सिच् पासून सिञ्चति. ते रूपाचं आहे, धातूचं नाही. 'लिप्त' आणि 'लेप' यांत ते नाहीच.

'प'चं काय? जर्मानिकमध्ये मूळ 'प'चा 'फ' होतो: पितृ, फादर. आघात आधीच्या स्वरावर नसेल तर तो फ पुढे सघोष होऊन 'ब' होतो. बायबलच्या गॉथिक (फार जुनी, लुप्त झालेली जर्मानिक भाषा) भाषांतरात 'लैबोस' (उरलेले लोक) आहे, त्यात ब स्पष्ट दिसतो. डॅनिशमध्ये स्वरांमधले जुने फ आणि ब दोन्ही 'व' होऊन बसतात, म्हणून एकट्या डॅनिशवरून काही सिद्ध होत नाही. मुभा नाही, नियम आहेत. बेलफळाला एकही लागणार नाही.

अण्णा सदाशिवपेठी

'रेक्णस्'बद्दल ठाऊक नव्हतं. बेलफळ मागे घेतो. अर्थाचा मुद्दा मात्र उभाच आहे.

मीठभाकर

अर्थाचा रस्ता जर्मानिकमध्ये टप्प्याटप्प्याने दिसतो, ओढाताण करावी लागत नाही.

चिकटणे → चिकटून असणे → मागे राहणे, उरणे. या 'उरणे'तून एका बाजूला बि-लीबन गेलं. दुसऱ्या बाजूला उपसर्ग नसलेली भावंडं गेली, ती डॅनिशची स्वतःची आहेत:

'लिव' म्हणजे जीवन, 'लेवे' म्हणजे जगणे. जुन्या नॉर्समध्ये (आजच्या स्कँडिनेव्हियन भाषांचं जुनं रूप) 'लीवा'चे दोन्ही अर्थ होते, उरणे आणि जगणे. लढाईनंतर जो उरला तो जगला, इतकं ते साधं आहे. 'लिव'चा एक अर्थ कंबरही होतो आणि कमरेच्या पट्ट्याला 'लिवरेम' म्हणतात. जर्मनमध्ये 'लाइब' म्हणजे शरीर.

'लेवने' म्हणजे ताटात टाकणे, 'लेवनिंगर' म्हणजे उष्टं-उरलेलं किंवा अवशेष.

आणि गावांची नावं! हाडरस्लेव, हेअरलेव, ब्र्योनरस्लेव. हे शेवटचं 'लेव' म्हणजे मागे ठेवलेली मालमत्ता, वारसा. अमक्याची वतनी जागा. जर्मनीतलं आइसलेबेन, जिथे मार्टिन लूथर जन्मला आणि वारला, त्यातलं 'लेबेन'ही हेच, त्याचा जगण्याशी थेट संबंध नाही. 'लाइफ' हे नॉर्स पुरुषनाम 'मागे ठेवलेला', म्हणजे वंशज.

आणि ग्रीकमध्ये याच धातूचं 'लिपोस', म्हणजे चरबी. माखायचा चिकट पदार्थ.

चकटफू

म्हणजे लॅबच्या रिपोर्टात लिपिड प्रोफाइल वाढलेलं असतं ते भारत-युरोपीय लिंपणच! रक्तवाहिन्या सारवून ठेवल्यात पूर्वजांनी.

मीठभाकर

@चकटफू, व्युत्पत्तीपुरतं शंभर टक्के बरोबर. :D

गवतीचहा

मग 'लिपी' पण यातच ना? ताडपत्रावर शाई माखतात म्हणून. संस्कृत कोशातही लिप् खालीच देतात.

नाकतोडा

@गवतीचहा, लिपी इथे जपून आणा. अशोकाच्या शाहबाजगढी आणि मानसेहरा इथल्या लेखांत हा शब्द 'दिपी' असा आहे, आणि जुन्या फारसीत शिलालेखाला 'दिपि' म्हणत. 'द'चा 'ल' होताना लिप् धातूच्या ओढीने रूप बसलं असेल हे शक्य आहे. पण मूळ फारसी मानण्याकडे अभ्यासकांचा कल आहे.

असाच दुसरा चकवा अकरा-बाराचा. डॅनिश 'एल्लेवे'तलं 'लेवे' म्हणजे 'दहा मोजून एक उरला'. पण ते उरणं लेइप् चं की लेइक्व् चं यावर दोन तट आहेत. लिथुआनियनमध्ये अकराला 'व्येनुओलिका' म्हणतात आणि त्यातला 'क' दुसऱ्या तटाच्या बाजूने बोलतो.

दुभाषी

व्युत्पत्ती चालू द्या, तोवर आजचा वापर मांडतो. डॅनिश शिकणारे इथेच अडखळतात.

पुढे काय येतं त्यावर अर्थ ठरतो.

पुढे जागा आली तर 'राहणे'. ब्लीवे येम्मे (घरी राहणे), ब्लीवे ई सेंगेन (अंथरुणातच राहणे).

पुढे नाम किंवा विशेषण आलं तर 'होणे'. ब्लीवे कोल्ड (गार होणे), हान ब्लीवर त्रेदिवे (तो तीस वर्षांचा होईल). इथे वर्तमानकाळाचं रूप भविष्यकाळाचं काम करतं आणि 'स्काल' किंवा 'विल' लावावं लागत नाही. नवशिके तिथे हमखास एक जादा शब्द कोंबतात.

पुढे बसणे, उभं असणे, पडून असणे यांचं 'एंदे'वालं रूप आलं तर पुन्हा 'राहणे'. ब्लिव सिद्देंदे! म्हणजे बसून राहा, उठू नका.

पुढे भूतकालवाचक धातुसाधित आलं तर कर्मणी. ब्लेव बुग्गेट, बांधलं गेलं.

शिवाय जोडशब्द: ब्लीवे वेद म्हणजे चालू ठेवणे, ब्लीवे तिल म्हणजे अस्तित्वात येणे.

दुकानात हिशेब सांगताना 'डेट ब्लीवर...' आणि पुढे रक्कम. आपल्याकडे "किती झाले?" "पंच्याऐंशी झाले." अगदी तेच.

आणि गंमत म्हणजे निव्वळ 'राहणे' निःसंदिग्ध सांगायचं असेल तर लेखी भाषेत 'फोरब्लीवे' वापरतात. हाही लो जर्मनकडूनच आलेला, फक्त उपसर्ग वेगळा. पहिल्या उसनवारीने घोळ झाला म्हणून त्याच सावकाराकडे पुन्हा गेले.

अण्णा सदाशिवपेठी

वापर कळला. पण धागाकर्त्याच्या पहिल्या शंकेला अजून कोणी हात लावलेला नाही. जर्मन आणि डच दोघांनी 'राहणे' आणि 'होणे' ही खाती वेगळी ठेवली: ब्लाइबेन/वेर्डेन, ब्लेइवेन/वोर्डेन. डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियन यांनीच का मिसळली? मराठीत कोणी 'राहणे'ला 'होणे' म्हणेल का?

तिरपी मात्रा

@अण्णा, तुम्ही स्वतः म्हणता. रोज.

"तो खुर्चीतून उठून उभा राहिला."

यात तो उभा 'राहिला' कुठे? आधी बसलेला होता. तो उभा *झाला*. तरी आपण 'झाला' म्हणत नाही. हिंदीवाले 'खड़ा हुआ' म्हणतात, आपण 'उभा राहिला'.

"नवी इमारत उभी राहिली." आधी नव्हतीच.
"ती गरोदर राहिली." "तिला दिवस राहिले." आधी नव्हती, आता आहे.

ओळखायची कसोटी सोपी आहे. वाक्यात 'पटकन' बसतं का 'तासभर' बसतं ते पाहा. "पटकन उभा राहिला" चालतं, म्हणजे बदल. "तासभर उभा राहिला" हेही चालतं, म्हणजे टिकणं. एकाच शब्दात दोन्ही. "गरोदर राहिली"ला मात्र फक्त 'मार्चमध्ये' लागतं, 'नऊ महिने' लावलं की वाक्य लंगडतं. म्हणजे तिथे बदलाचा अर्थ पूर्ण जिंकला. उलट "शंभर रुपये शिल्लक राहिले" आणि "चावी घरी राहिली" यांत बदलाचा मागमूस नाही.

डॅनिशमध्ये गरोदर राहण्याला काय म्हणतात? 'ब्लीवे ग्राविद'.

शब्दखोदू

आईशप्पथ! हे रोज बोलतो आणि कधी लक्षात आलं नाही.

पणजीची पोळी

कोंकणीतूय अशेंच. 'उबो राव' म्हणजे उठून उभा राहा. आणि 'हांगा राव' म्हणजे इथेच थांब. दोन्ही 'रावप'च.

वऱ्हाडी ठेचा

आमच्याकडे त्याहून पुढची पायरी हाय. "काय करून राहिला बे?" म्हणजे आत्ता काय करतोयस. राहणे म्हणजे चालू काळच झाला. तुमचा तो डॅनिश 'ब्लीवे वेद' आमच्या घरचाच समजा.

दुभाषी

@ठेचा, जवळ आहे पण एक नाही. 'ब्लीवे वेद'मध्ये 'थांबायला हवं होतं तरी करतच राहिला' असा सूर असतो. तुमच्या "करून राहिला"त तो हट्ट नसतो, ते निव्वळ चालू वर्तमान. डॅनिशमध्ये त्याला 'एर वेद' असं 'असणे' लावतात.

मीठभाकर

तिरपी मात्रा यांच्या मुद्द्याला जोडून. लो जर्मनमध्ये सांधा नेमका कुठे तयार झाला ते दाखवता येतं.

'दोत ब्लीवेन'. शब्दशः 'मेलेला राहणे', म्हणजे रणात मरून तिथेच पडून राहणे. गेला तेव्हा जिवंत होता, परत आला नाही, मेलेला 'राहिला'. ऐकणाऱ्याला मुद्दा पडून राहण्याचा नसतो, मेल्याचा असतो. तेव्हा कान 'मेलेला झाला' असंच ऐकतो. समुद्रात बुडालेल्या माणसाबद्दल डॅनिशमध्ये 'ब्लेव पो हावेट' म्हणतात, समुद्रावरच राहिला. आपल्याकडे "तो पानिपतावर राहिला" म्हटलं तर समजायला अडचण येईल का?

अशी 'राहिला म्हणजे झालाच' वाक्यं पुरेशी जमली की क्रियापद पलीकडच्या काठावर जातं. म्हणून खूण अशी की परिणामाची अवस्था ज्या शब्दांत आहे (मेलेला, उभा, गरोदर) तिथे आधी बदल होतो, आणि जागेच्या शब्दांत (घरी, इथे) जुना अर्थ टिकतो. दुभाषी यांनी वर दिलेली विभागणी अगदी याच रेषेवर आहे.

कालवण

सगळे 'ब्लीवे'च्या मागे लागलेत. त्याने ज्याला हुसकावलं त्या बिचाऱ्याबद्दल कोणीच बोलेना.

मूळ डॅनिश 'होणे' होतं 'वोर्दे', जुनं 'वोर्थे'. आइसलँडिक 'वेर्दा', जर्मन 'वेर्डेन', डच 'वोर्डेन' हे सगळे एकाच घरचे. धातू वेर्त्, वळणे. संस्कृत वृत्, वर्तते. मराठीत वर्तणे, वर्तन, वर्तमान, वर्तुळ, वृत्त. लॅटिन 'वेर्तेरे'. 'वळणे'पासून 'होणे' याला समजावून सांगायची गरज नाही, दूध नासतं तेव्हा इंग्रज 'टर्न्ड' म्हणतोच. म्हणजे डॅनिशने एक वर्तणे काढून टाकून एक लिंपणे आणलं.

'वोर्दे' आज कुठे उरलंय? 'वोर्देंदे मोर' म्हणजे होऊ घातलेली आई. 'ई सिन वोर्देन' म्हणजे घडण्याच्या अवस्थेत. आणि प्रभूच्या प्रार्थनेच्या जुन्या पाठात: 'हेल्लिगेट वोर्दे दित नावन'. 1992 च्या अधिकृत भाषांतराने तिथेही 'हेल्लिगेट ब्लीवे दित नावन' केलं. मराठी बायबलमध्ये याच जागी 'तुझे नाव पवित्र मानले जावो' आहे, आपण कर्मणीसाठी 'जाणे' आणतो.

त्यानंतर एक ओळ सोडून येणारी ओळ अजून मजेची. 'स्के दिन विल्ये', तुझी इच्छा पूर्ण होवो. हा 'स्के' (घडणे) जुन्या पाठातही आहे, आणि तोही लो जर्मनचाच, 'स्खेन'वरून. म्हणजे 'वोर्दे'ची जुनी शान राखणाऱ्यांच्या प्रार्थनेत जवळच्याच ओळीत पाहुणा बसलेला होता.

नाकतोडा

कालवण यांनी 'वृत्' काढलाच आहे तर ही जोडी जवळून पाहण्यासारखी आहे.

जुन्या इंग्रजीत याच क्रियापदाची भूतकाळी रूपं: एकवचन 'वेआर्थ', अनेकवचन 'वुर्दोन'. एकात थ, दुसऱ्यात द. का? वैदिक रूपं शेजारी ठेवा: 'ववर्त' (त्याने वळण घेतलं), इथे आघात धातूवर. 'वावृतुः' (त्यांनी), इथे आघात शेवटच्या प्रत्ययावर. आघात त-च्या लगेच आधी असेल तर थ राहतो, नाहीतर द होतो. इंग्रजी रूपात जो फरक दिसतो त्याचं कारण वेदपाठाच्या स्वरांत जपलेलं आहे.

हे ज्याने शोधलं तो कार्ल वेर्नर डेनच होता, जन्म 1846, ऑर्हूसचा. 1870 च्या दशकात त्याने हा नियम मांडला. 'लैबोस'मध्ये ब का आला याचं उत्तर मी वर दिलं तो नियम हाच. जुन्या नॉर्समध्ये थ आणि द चा हा भेद मधल्या जागी पुसला गेला होता. त्यामुळे निव्वळ डॅनिश पाहून डेनलाही हे दिसलं नसतं. संस्कृतच लागलं.

गवतीचहा

अवांतर: डॅनिश भाषाशास्त्रज्ञांचा आपल्याशी थेट संबंध आलाय का कधी?

कालवण

अवांतराला उत्तर: हो. रास्मुस रास्क. जर्मानिकमधल्या प-फ, त-थ या बदलांची मांडणी त्याने 1818 ला छापलेल्या निबंधात केली, जर्मन भाषाशास्त्रज्ञ ग्रिमच्या 1822 च्या मांडणीआधी. तो इराणमार्गे 1820 मध्ये मुंबईत उतरला, पारशी पंडितांकडे अवेस्ता शिकला, हस्तलिखितं गोळा केली आणि श्रीलंकेहून पाली पोथ्या घेऊन 1823 ला कोपनहेगनला परतला. अवेस्ता ही संस्कृतच्या जवळची स्वतंत्र जुनी भाषा आहे हे ठासून मांडणाऱ्यांत तो अग्रणी.

तंजावरकडे डॅनिशांचं तरंगमबाडी 1620 ते 1845 होतं. सरफोजीराजांचे गुरू श्वार्ट्झ 1750 मध्ये आले ते तिथल्याच डॅनिश मिशनमध्ये. पण त्यातून मराठीत डॅनिश शब्द आला नाही. मराठी पोरांच्या तोंडी असलेला डॅनिश शब्द एकच, 'लेगो'. 'लाय गॉट', छान खेळ. पायाखाली आला की मराठीत वेगळे शब्द निघतात.

अण्णा सदाशिवपेठी

विषयावर येऊ. शब्द उसने घेणं समजतं. फारसीतून मराठीत शेकड्याने नामं आली, 'बदलणे', 'फर्मावणे' अशी क्रियापदंही आली. पण 'होणे' कोणी उसनं घेतं का? असं काय झालं होतं डेन्मार्कात?

मीठभाकर

ल्युबेक आणि हान्सा, म्हणजे उत्तर जर्मन व्यापारी शहरांचा संघ. चौदाव्या-पंधराव्या शतकात बाल्टिकचा व्यापार लो जर्मन बोलणाऱ्या शहरांच्या हातात होता. 1370 च्या स्ट्रालसुंडच्या तहात डेन्मार्कच्या राजाला त्यांच्यापुढे नमावं लागलं. डॅनिश शहरांत जर्मन व्यापारी आणि कारागीर वस्तीला, हॉलस्टाइनचे सरदार दरबारात. स्क्रेड्डर (शिंपी), आर्बायदे (काम), ब्रूगे (वापरणे), स्नाक्के (गप्पा मारणे) हे सगळे तेव्हाचे.

आणि या दोन भाषा इतक्या जवळच्या होत्या की दुभाष्याशिवाय अर्धंअधिक कळायचं. रूपंही तयार साच्यात बसत होती. 'स्क्रीवे, स्क्रेव' (लिहिणे, लिहिलं) असा ई-ए चा साचा डॅनिशमध्ये होताच, 'ब्लीवे, ब्लेव' त्यात बिनबोभाट शिरलं. फारसी 'शुदन' मराठीत असं शिरणं शक्यच नव्हतं.

कालवण

शिवाय 'वोर्दे'ची स्वतःचीही प्रकृती बरी नव्हती. भूतकाळ 'वार्द' आणि 'असणे'चा भूतकाळ 'वार', बोलताना शेवटचा द गेला की 'झाला' आणि 'होता' एकच. अशा वेळी शेजारचं खणखणीत 'ब्लेव' सोयीचं पडलं असणार.

नाकतोडा

@कालवण, हे कारण एकटं पुरत नाही. जर्मनमध्येही 'वार' आणि 'वार्ड' अशीच जोडी होती. त्यांनी 'वार्ड' टाकून 'वुर्डे' पुढे केलं आणि क्रियापद वाचवलं. आणि मध्य स्वीडनच्या बोलण्यात 'हान वार्त शूक' (तो आजारी पडला) आजही ऐकू येतं, तिथे शेवटच्या त ने रूप टिकवलं. स्वीडिशने बाकी सगळीकडे 'ब्ली' घेतलं, पण भूतकाळात जुना भाडेकरू अजून खोली सोडत नाही.

चकटफू

पागडीची खोली असणार.

शब्दखोदू

दोन्ही शंका फिटल्या. एक उपशंका दुभाषींना: 'ब्लेव' आणि 'वार' यांतला फरक आजच्या वापरात कुठे चुकतो? इंग्रजीवरून येणारे लोक दोन्हीला 'वॉज' समजतात.

दुभाषी

बरोबर, नेमकी तीच चूक. दाराचं उदाहरण घ्या.

ड्योरेन ब्लेव लुक्केट क्लोक्केन ओट्टे: आठ वाजता दार बंद केलं गेलं. कोणीतरी केलं, आठला.
ड्योरेन वार लुक्केट क्लोक्केन ओट्टे: आठ वाजता दार बंद होतं. कधी केलं ते माहीत नाही.
ड्योरेन फोरब्लेव लुक्केट: दार बंदच राहिलं.

इंग्रजीत पहिल्या दोन्हींना एकच वाक्य पुरतं, म्हणून घोळ. मराठी डोक्यात ठेवलं तर चूक होत नाही: 'केलं गेलं' किंवा 'झालं' तिथे ब्लेव, 'होतं' तिथे वार.

पूर्ण भूतकाळात मदतीला 'एर' येतं, 'हार' नाही. हान एर ब्लेवेट लेगे, तो डॉक्टर झाला आहे. 'हार ब्लेवेट' लिहिलं की परीक्षेत लाल रेघ.

आणि नियम, सवय, सूचना असेल तर 'ब्लीवे' टाळून क्रियापदालाच 'स' लावतात: ड्योरेन लुक्केस क्लोक्केन ओट्टे, दार आठला बंद केलं जातं. पाट्यांवर, पाककृतींत, औषधांच्या डब्यांवर हाच 'स'वाला प्रकार. तो मात्र कोणाकडून उसना नाही, जुन्या नॉर्स 'सिक' (स्वतःला) या सर्वनामाचा झिजलेला तुकडा आहे.

गवतीचहा

'सिक' म्हणजे संस्कृत 'स्व'च्या घरातलं का? का तोही चकवा?

नाकतोडा

चकवा नाही, त्याच घरातलं. पण त्याला वेगळा धागा काढा, इथे लिंपण वाळायला घातलंय.